मॉनिटर १६५ हर्ट्झचा, सेटिंगमध्ये मात्र ६०. रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटचं नेमकं काय करावं?

शिरोरेषा
मंडळी, मी घरून मुद्रितशोधन आणि पुस्तकांची पानं लावायचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास नजर अक्षरांवर. जुना २४ इंची मॉनिटर (१९२० × १०८० ठिपक्यांचा) गेला म्हणून २७ इंची घेतला, २५६० × १४४० चा. खोक्यावर ठळक अक्षरांत '१६५ हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र नव्याने काढणार. दुकानदार म्हणाला घ्याच, आणि लेक तर त्याच्याही आधी म्हणाला.

आता गंमत अशी की विंडोजमध्ये रिफ्रेश रेटच्या जागी ५९.९५१ एवढा एकच आकडा दिसतोय. यादी उघडली तरी त्याच्यावर काही नाही. दुसरं, अक्षरं बारीक वाटतात म्हणून रिझोल्यूशन १९२० × १०८० करून पाहिलं. अक्षरं मोठी झाली, पण कडा पुसट. 'द्ध' आणि 'द्व' यातला फरक ओळखायला पुढे झुकावं लागतंय, आणि माझं सगळं पोट त्याच फरकावर चालतं.

तर सेटिंग काय ठेवू? आणि मुळात माझ्यासारखीला १६५ चा काही उपयोग आहे का, की हे पैसे पाण्यात?

गेमर_गणू
१६५ चा मॉनिटर ६० वर चालवणं हे पाप आहे ताई. गरुडपुराणात याला वेगळी शिक्षा आहे.

वायरमन
ताई, आधी हे सांगा: लॅपटॉप की डेस्कटॉप, केबल कोणती, आणि ती कुठून कुठे जोडलीय? दहातल्या नऊ वेळा घोळ मॉनिटरमध्ये नसतोच, मधल्या वायरमध्ये किंवा पोर्टमध्ये असतो.

विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडलेलं नाही ना, तेही बघा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना झेपेल असंच सेटिंग मिळतं, म्हणजे लॅपटॉपचा पडदा मोठ्या मॉनिटरला खाली ओढतो. 'एक्स्टेंड' किंवा 'फक्त दुसरा पडदा' ठेवा.

कोकणी_कासव
माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ चित्रांच्या वर काही कळत नाही. सिनेमा शंभर वर्षं २४ वर चालला, कोणी तक्रार केली नाही. पुढचं सगळं विकणाऱ्यांचं शास्त्र. सत्तरीत आहे, सगळे पडदे पाहिलेत.

गेमर_गणू
काका, १४४ च्या मॉनिटरवर माउस गोल फिरवून बघा आणि मग ६० वर. बाणांची माळ किती दाट दिसते ते मोजा. डोळ्याला कळत नसतं तर माळ सारखीच दिसली असती.

सदाशिवपेठी_उंदीर
रिझोल्यूशनचं आधी मिटवूया, कारण धागाकर्तीचं पोट त्यावर आहे.

एलसीडी पडद्याचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. तुमच्या पडद्यावर आडवे २५६०, उभे १४४०, एकूण सुमारे ३६ लाख ८६ हजार. तुम्ही १९२० × १०८० निवडलंत की संगणक २० लाख ७३ हजार ठिपक्यांचं चित्र पाठवतो आणि मॉनिटरला ते ताणून बसवावं लागतं. एका ठिपक्याच्या वाट्याला येतो १.३३ ठिपका. पाऊण-पाव ठिपका पेटवता येत नाही, म्हणून शेजारच्याला करड्या रंगात रंगवून वेळ मारून नेली जाते. शिरोरेषा (आयडी नव्हे, खरीखुरी) एक ठिपका जाड असेल तर ती एक काळी आणि एक करडी अशी दोन ओळींत पसरते. जोडाक्षरांच्या पोटातली पांढरी जागा पहिली बुजते. रोमन लिपीत हे खपून जातं, आपल्याकडे 'ट्ट', 'द्ध', 'ष्ठ' यांचा गोळा होतो.

म्हणून रिझोल्यूशन २५६० × १४४० वरच ठेवा, ज्याच्यापुढे 'शिफारस' असं लिहिलेलं असतं. अक्षर मोठं करायचं ते 'स्केल'मधून. तिथे १२५ टक्के निवडा. हिशेब असा: २४ इंची १०८० मध्ये इंचाला साधारण ९२ ठिपके, २७ इंची १४४० मध्ये साधारण १०९. १२५ टक्क्यांवर अक्षर जुन्या मॉनिटरपेक्षा किंचित मोठं दिसेल, पण ते जास्त ठिपक्यांनी काढलेलं असेल. पडद्यावर जागा मात्र २०४८ × ११५२ एवढीच उरेल, म्हणजे जुन्यापेक्षा थोडी जास्त.

चकलीभाजणी
सदाशिवपेठेतून एवढं मोठं उत्तर, तेही फुकट? वाचनखूण साठवली!

सदाशिवपेठी_उंदीर
दुपारी १ ते ४ च्या आत टाकलंय, त्याला हिशेबात धरत नाहीत.

तिसरी_घंटा
कोकणी_कासव काका, २४ बद्दल थोडं. मी संकलनाच्या धंद्यात आहे.

२४ हा फिल्म वाचवण्याचा आणि आवाज नीट बसवण्याचा तोडगा होता, डोळ्याची मर्यादा नव्हे. २४ वर पडदा लुकलुकतो हे तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं. म्हणून प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक चौकट दोनदा किंवा तीनदा दाखवायचं. चित्रं २४ च, पण प्रकाशाचे झपके ४८ किंवा ७२. शंभर वर्षं तक्रार आली नाही ती त्या शटरमुळे.

आणि ताईंना ५९.९५१ का दिसतंय याबद्दल. हे असले अपूर्णांक ठिपके पाठवायच्या घड्याळाच्या गणितातून येतात, मॉनिटर बिघडलेला नाही. याचा एक भाऊ आहे ५९.९४, त्याची गोष्ट जास्त मजेची. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीची पद्धत ठरली, तेव्हा जुन्या कृष्णधवल संचांवरही तेच प्रक्षेपण दिसायला हवं होतं. रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी उमटू नये म्हणून ६० ला १.००१ ने भागलं. तो आकडा आजही आमच्या संकलनाच्या टाइमलाइनवर बसलेला आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणून इथे सेकंदाला २५ चित्रं. आजही इथल्या ट्यूबलाइटखाली कॅमेरा ६० वर ठेवून शूट केलं की चित्रात पट्टे फिरतात ते याच भानगडीतून.

कोकणी_कासव
शटरचं माहीत नव्हतं, छान. तरीही मुद्रितशोधनाला १६५ कशाला? पानावरचा 'क' काही पळत नाही.

ठाणे_स्लो
काकांच्या पिढीचा नाही, पण सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा जुना जाडजूड मॉनिटर वापरलाय. ६० वर ठेवला की डोक्यात घण पडायचे. शेजारच्या मशीनकडे तिरक्या नजरेने पाहिलं तर पडदा धडधडताना दिसायचा. ८५ केलं की शांत. तिथे इलेक्ट्रॉनची बीम ओळीओळीने वरून खाली यायची आणि फॉस्फर (काचेवरचा चमकणारा लेप) लगेच मंदावायचा, म्हणून परत परत पेटवावा लागायचा.

सायबर कॅफेत कोणीतरी जास्तीचा आकडा निवडून जायचं आणि पडदा काळा, मधोमध 'आउट ऑफ रेंज'. मग १५ सेकंद हात जोडून बसायचं, विंडोज आपोआप मागे येईपर्यंत. तो १५ सेकंदांचा प्रश्न आजही विचारतात बघा, 'हे बदल ठेवायचे का?'

एलसीडीत तसं नाही. मागचा दिवा आपला जळत असतो आणि ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत आहे त्या रंगात थांबतो. त्यामुळे ६० वर डोळे दुखतात हे सीआरटीचं ज्ञान इथे लावू नका. डोळे दुखतातच तर ब्राइटनेस बघा. दुकानात झगमगाटात दिसावं म्हणून मॉनिटर भडक लावून पाठवतात. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करताना मागचा दिवा भराभर चालू-बंद करतात, त्याचाही काही जणांना त्रास होतो. 'फ्लिकर फ्री' लिहिलेलं असेल तर तो प्रश्न सहसा नसतो.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे मे महिन्यात डोळ्यासमोर तसंही सगळं लहरताना दिसते बाप्पा. ६० काय न् १६५ काय. :-)

शिरोरेषा
बाप रे, किती प्रतिसाद! एकेक सांगते.

उंदीरमामा, तुमचं ऐकून १४४० वर आणले आणि स्केल १२५. फरक लगेच दिसला. 'द्ध' परत माणसात आला. एकच अडचण: पानं लावायचं माझं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर त्यात धुरकट दिसतंय. बाकी सगळं लख्ख.

वायरमन, लॅपटॉप आहे, काही वर्षं जुना. मॉनिटरच्या खोक्यातच एचडीएमआय केबल होती, तीच लावलीय. एक्स्टेंडच आहे.

सदाशिवपेठी_उंदीर
ते सॉफ्टवेअर इंचाला ९६ ठिपके गृहीत धरून लिहिलेलं असणार. विंडोज त्याची खिडकी आधी लहान काढून मग फुगवते, म्हणून धूर. त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालच्या चौकटीत खूण करा आणि 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' निवडून बघा. नाही जमलं तर 'ॲप्लिकेशन' निवडा: अक्षरं स्वच्छ होतील पण मेनू बारीक राहतील. आणि स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट होऊन परत या, काही जुनी सॉफ्टवेअर त्याशिवाय सुधरत नाहीत.

वायरमन
ताई, सापडलं बहुतेक. तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४ चा, म्हणजे जुन्या आवृत्तीचा असणार. गणित करून दाखवतो, कंटाळा आला तर शेवटची दोन वाक्यं वाचा.

पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर सुमारे ५.३ गिगाबिट. १४४ वेळा तर १२.७. १६५ वेळा तर १४.६. हे नुसत्या चित्राचे आकडे, वर ओळींच्या मधला रिकामा वेळ लागतोच.

एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ सांगतात, पण त्यातली चित्राच्या कामाची ८.१६. म्हणजे ६० बसतं, ओढूनताणून ७५ बसतं, पुढे नाही. एचडीएमआय २.० मध्ये १८ पैकी कामाची १४.४. म्हणजे १४४ बसतं आणि १६५ थोडक्यासाठी हुकतं! म्हणूनच अशा कित्येक मॉनिटरच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहितात: एचडीएमआयवर १४४, डिस्प्लेपोर्टवर (चित्र नेणारा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट) १६५. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये कामाची १७.२८ आहे, तिथे सगळं आरामात.

मॉनिटर जोडला की तो आपली यादी संगणकाला देतो, मला हे-हे जमतं म्हणून. संगणक त्यातलं स्वतःला आणि वायरला झेपेल तेवढंच तुम्हाला दाखवतो. म्हणून तुमच्या यादीत १६५ उगवलंच नाही.

तेव्हा लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट आहे का ते बघा. त्याच्या शेजारी 'डी' आणि 'पी' गुंफल्यासारखं चिन्ह किंवा विजेचा बाण असेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी थेट केबल घ्या.

मी_नुसता_वाचतो
इतकी वर्षं नुसता वाचतोय, आज लॉगिन केलं. वायरमन यांना साष्टांग.

एडिसनचा_बंड्या
थेट केबल या शब्दाखाली लाल रेघ मारा. मी इथे न्यू जर्सीत घरून काम करतो, सगळ्यांसारखा एक स्वस्त यूएसबी-सी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घेतला. ४के (३८४० × २१६० ठिपक्यांचा) मॉनिटर जोडला, चित्र झकास, पण माउस गुळात पाय अडकल्यासारखा. बघतो तर ३० हर्ट्झ. त्या हबमध्ये चित्र नेऊ शकणाऱ्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन यूएसबीला दिलेल्या असतात, चित्राला दोनच उरतात. हबच्या पानावर 'फोर के' मोठं लिहितात आणि '३० हर्ट्झ' शोधायला भिंग लागतं.

काका, ६० आणि १६५ मधला फरक कळत नाही म्हणालात तर एकवेळ मान्य करेन. ३० आणि ६० मधला कळला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

कोकणी_कासव
मोतीबिंदू काढून झालाय. दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं आहेत, वॉरंटीसकट.

गेमर_गणू
डेस्कटॉपवाल्यांसाठी: हजारोंचं ग्राफिक्स कार्ड घेऊन केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खुपसणारे माझ्या ओळखीत निम्मे आहेत. कार्ड खाली आडवं असतं, केबल तिथे लावा. आणि केबल बदलली म्हणून १४४ आपोआप होत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे जाऊन स्वतः निवडावं लागतं.

चकलीभाजणी
विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे ४३ इंची ४के टीव्ही आहे, तोच मॉनिटर म्हणून वापरला तर? स्वस्तात मस्त. जोडून पाहिला, पण खालची टास्कबार अर्धी कापली जाते आणि लाल अक्षरं केविलवाणी दिसतात.

तिसरी_घंटा
टास्कबार कापणं म्हणजे ओव्हरस्कॅन. जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, त्या चौकटीआड लपाव्यात म्हणून चित्र थोडं मोठं करून दाखवायचे. ती सवय सपाट टीव्हीत उगाच उतरलीय. टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते निवडा.

लाल अक्षरांचं असं की टीव्ही उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची घेतो, पण रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. सिनेमात कळत नाही, काळ्यावरच्या लाल अक्षरात लगेच कळतं.

वायरमन
आणि टीव्हीच्या खोक्यावरच्या 'मोशन रेट १२०' वगैरेला भुलू नका. कित्येकदा पॅनेल ६० चंच असतं, मधली चित्रं टीव्ही स्वतः बनवून घालतो. संगणकाला जोडल्यावर ते बंद करा, त्याने माउस मागे पडतो.

शिरोरेषा
अपडेट! यूएसबी-सीच्या शेजारी ते डी-पी चिन्ह आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन केबल आणली. दुकानदाराने आधी हबच काढून पुढे ठेवला, मी म्हटलं नको, थेट केबल द्या. तो वर बघायला लागला. :-)

यादीत आता ६०, १२०, १४४, १६५ सगळे दिसतायत. जुनं सॉफ्टवेअर 'एन्हान्स्ड'वर पुष्कळ सुधारलं, टूलबारची चिन्हं जराशी मऊ दिसतात, चालेल.

कासवकाका, तुमच्या प्रश्नाला उत्तर: थांबलेल्या पानावर मला शून्य फरक दिसला. पण तीनशे पानांची पीडीएफ सरकवताना ६० वर मी थांबून वाचत होते, आता सरकतानाच प्रकरणाचं शीर्षक वाचता येतं. सूची तपासताना हे बरं पडतं. त्यासाठी एवढे पैसे मी दिले असते का? नसते. तेवढ्यात ४के मिळत असता तर तो घेतला असता.

एक मात्र विचारते. सरकवताना अक्षरांच्या मागे फिकट पांढरी सावली येते, ती कशाची?

गेमर_गणू
मॉनिटरच्या मेनूत 'ओव्हरड्राइव्ह' किंवा 'रिस्पॉन्स टाइम' बघा. ते 'एक्स्ट्रीम' किंवा 'फास्टेस्ट'वर असणार. ठिपक्याला इतक्या जोरात ढकलतात की तो हव्या त्या रंगाच्या पुढे जाऊन परत येतो, तीच सावली. खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' बहुधा त्याच सेटिंगवर मोजलेला असतो. मधलं 'नॉर्मल' किंवा 'फास्ट' ठेवा.

ठाणे_स्लो
आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स साधं असेल तर १६५ चा हट्ट नको. १२० ठेवा. ६० वर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० वर ८.३ नी, १६५ वर ६.१ नी. पहिली उडी मोठी, दुसरी जेमतेम. शिवाय १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, सिनेमा पाहताना प्रत्येक चित्र सारखाच वेळ थांबतं. ६० वर एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा असं लंगडत चालतं.

कोकणी_कासव
म्हणजे शेवटी २४ चाच हिशेब. मी काय म्हणत होतो?

गेमर_गणू
_/\_

शिरोरेषा
ओव्हरड्राइव्ह 'नॉर्मल' केलं, सावली गेली. १२० वर ठेवलंय, १६५ वर लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. लेक आला की तो १६५ करतो, तो गेला की मी १२० करते.

चकलीभाजणी
'जस्ट स्कॅन'ने टास्कबार आली. लाल अक्षरं अजून तशीच आहेत. काय करू?

वायरमन
टीव्हीच्या इनपुटच्या यादीत ज्या एचडीएमआयला जोडलंय त्याचं नाव बदलून 'पीसी' करा. खूप टीव्हींमध्ये नुसतं ते नाव दिल्यावरच तो रंगाची पूर्ण माहिती घ्यायला लागतो. मग विंडोजमध्ये स्केल किती आहे तेही कळवा, ४३ इंचीला ३०० टक्के आपोआप लागलेलं असतं कधी कधी.